नवसाचा बोकड

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, खाऱ्या निवदाच्या, म्हणजे मटणाच्या नैवेद्याच्या सकाळी, मुलाणी येऊन बोकड कापत होता तेव्हा हरणाबाई गोठ्यात जाऊन उभी राहिली होती. बोकडाचं दावं खुंट्याला तसंच होतं. ते सोडून तिनं गुंडाळलं, वळचणीला खोवलं आणि तोंड धुऊन बाहेर आली.

सव्वादोन वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवसांत, धाकट्या दिराचं, ज्ञानूचं, पत्र महिनाभर आलं नव्हतं. तेव्हा सासऱ्यांनी भैरोबाला बोकड बोलला होता. ज्ञानू सुखरूप येईल आणि स्वतः जत्रेला हजर राहील, त्या जत्रेला बोकड. नणंदेनं, बनुबाईनं, जतहून चांगलं वर्षाचं जनावर धाडलं. पण पुढच्या जत्रेला ज्ञानूला रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुष्काळ, जत्राच भरली नाही. मध्ये सासरे गेले. पंधरा वर्षांची नोकरी भरून ज्ञानू या पौषात कायमचा घरी आला, तोवर बोकड तीन वर्षांवर गेला होता. नवसाचं जनावर विकता येत नाही की बदलता येत नाही. दुष्काळात सगळी वाडी खडी फोडायला जात होती. हरणाबाई कामावरून परतताना ओच्यातून बाभळीच्या शेंगा आणायची आणि हातानं चारायची. शिरवळपर्यंतच्या वाटेवरची एक बाभूळ तिनं सोडली नव्हती.

आणि आता ते सगळं तीन परातींत तिच्यापुढे होतं. मांड्या, फरे, मान, बरगड्या, भाजून खरवडलेले खूर, फोडलेली मुंडी, कलेजी.

जत्रेचा हंडा आजवर सासूनं, मनुबाईनं, दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. पण पंधरा दिवसांपूर्वी ती बांधावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. वैदूनं कामट्या बांधल्या होत्या. ती अंगणात घोंगडीवर बसून तोंडानं सांगत होती, आणि हरणाबाई तिच्या सांगण्यानं करत होती. हळद लाव. मीठ घाल. समदंच एकदम जाऊ दे हंड्यात. जाळ मोठा कर, चाळीस पानं उठायची हायती.

तास झाला. दीड तास झाला. हरणाबाईनं पळीनं एक फोड वर काढली, बोटानं दाबली. ती दबली नाही. कलेजीचा तुकडा काढला, तो दगडासारखा झाला होता.

"आत्याबाई, ह्ये शिजंना," ती म्हणाली.

"अजून लाकडं लाव," मनुबाई म्हणाली. पण तिचा आवाज जरा खाली आला होता. आजवर तिनं कोवळंच मटण शिजवलं होतं. इतकं जून जनावर तिच्याही हाताखालून गेलं नव्हतं.

बनुबाई पाट्यावर वाटण वाटत होती. ती सासरच्या कानडी ढंगात म्हणाली, "माझंच चुकलं यव्वा. जतचं बोकड लय चिवट निघलं."



*

ज्ञानू ओसरीवर दाढी करत होता. हंड्याचा खळाखळा आवाज तिथपर्यंत येत होता. त्यानं दोनदा वस्तरा थांबवला.

त्याची बायको शालूबाई आत तांब्यात निखारे घालून त्याचा कोट इस्त्री करत होती. दुपारी चार वाजता देवळापुढच्या मांडवात गावातल्या सात जवानांना शाल आणि नारळ मिळणार होते. खंडाळ्याकडचे सुभेदार सयाजीराव त्यासाठी यायचे होते, आणि संध्याकाळी जेवायला इथेच थांबायचे होते. ज्ञानूचं नाव त्याच्या थोरल्या भावानं, आकारामनं, हेडमास्तरांकडे स्वतः जाऊन दिलं होतं.

"लय जाळ लावलाय," ज्ञानू म्हणाला.

शालूबाईनं तांब्या खाली ठेवला. ती उंबऱ्यात आली. "आवं, आज तकडं जाऊ नगासा."

"वैनीला मी नुसतं सांगतो. बसत न्हाई."

"तुमी नुसतं सांगत न्हाई. मला ठावं हाय. एकदा पळी हातात आली की तुमचं तोंडच बदलतंय." ती हळू बोलत होती. "बारा वर्सं मी गप्प राह्यले. तुमीच म्हणला हुता, आबा गावात सांगत्यात माझं पोरगं बंदूक धरतंय, त्यास्नी वाईट वाटंल, बोलू नगंस. न्हाई बोलले. आता आबा न्हाईत. पण मी हाय की. हळदीकुंकवाला गेले की मला पुढं बसवत्यात. आजचा एक दिस माझ्यासाठी कोट घाला आणि मांडवात बसा. मग उद्या सैपाक करा जा."

ज्ञानूनं तोंडावरचा फेस पुसला. बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं. पंधरा वर्षं तो रजेवर आला की लोक लढाईचं विचारायचे आणि तो हसून तंबाखू मळायचा. खोटं तो कधी बोलला नव्हता. खरंही बोलला नव्हता. पलटणीत त्याच्या हाती बंदूक दिली होती ती शिकण्यापुरती. नंतर त्याला लंगरात टाकलं, आणि पेन्शन येईपर्यंत तो लंगरातच राहिला. सैन्यात लंगरातल्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. सव्वाशे जणांचा चहा, डाळ, रोटी आणि आठवड्यातून दोनदा मटण.

अंगणातून लाकूड टाकल्याचा आवाज आला. पाठोपाठ हरणाबाईचा आवाज, रडवेला नव्हे, पण त्याच्या अलीकडचा. "सव्वादोन वर्सं पोसलं आणि आता कुत्र्यानं बी खाऊ नये असं झालं."

ज्ञानू उठला.

"जाऊ नगासा," शालूबाई म्हणाली.

"शालू, त्यो बोकड माझ्यासाठी कापलाय," तो म्हणाला आणि अंगणात उतरला.

*

त्यानं पहिल्यांदा चुलीतली लाकडं ओढून काढली. तीन बाभळीची होती, ती पाणी मारून विझवली. हरणाबाई बघत राहिली.

"आवं भावजी, शिजंना म्हणून जाळ वाढवतोय आणि तुमी काढताय."

"वैनी, जून मटणाला जाळ दाखवला की ते अंग चोरतं. जेवढा जाळ, तेवढं आवळत जातं. मिठानं बी आवळतं, आता आणखी घालू नगासा. पडल्यालं बास हाय. रिकाम्या पराती द्या, आणि परसात कच्ची पपई असंल तर एक आणा. आये, तुझ्या चंचीत सुपारी हाय का? हंड्यात टाकली की जून मटण मऊ पडतं."

मनुबाईनं डाव्या हातानं चंची पुढे केली. ती मुलाचे हात बघत होती. तो हंड्यातून एकेक फोड वर काढत होता आणि न थांबता तीन परातींत टाकत होता, जसं कुणी पत्ते वाटावेत. खूर, मुंडी, मान, नळ्या एकीकडे. मांडी आणि फरा दुसरीकडे. बरगड्या तिसरीकडे. कलेजी त्यानं हातात घेऊन बघितली.

"ही गेली. हिला चार वाफाच लागत्यात. बारीक कापून शेवटी वाटणात मिसळू."

"आणि बाकीचं?" हरणाबाईनं विचारलं.

"बाकीचं न्हाई गेलं. येळ हाय. मान आणि खूर ही रोज राबल्याली जागा, वैनी. जी जागा जास्ती राबती ती उशिरा शिजती, पण चव तिलाच असती. ह्ये हंड्यात तळाला जाऊ द्या, शेणीच्या आरावर, नुसत्या निखाऱ्यावर. तीन तास झाकण उघडायचं न्हाई. झाकणावर पाणी ठेवायचं आणि लागलं तर तेच गरम पाणी आत घालायचं. गार पाण्याचा थेंब न्हाई. मांडीला पपई चोळून तासभर राहू द्या, मग निराळ्या बगुन्यात. बरगड्या सगळ्यांत शेवटाला, त्यांच्याच चरबीत."

बनुबाईनं वरवंटा थांबवला. "भाऊ, पलटणीत बंदूक सोडून पळी धरली हुती का काय?"

ती गमतीनंच म्हणाली होती. तिच्या डोळ्यांत भावाचं कौतुकच होतं. ज्ञानूनं एक शेणी मोडून चुलीत सरकवली. मग म्हणाला,

"व्हय. पंधरा वर्सं पळीच धरली. मी लांगरी हुतो."

उंबऱ्यात शालूबाई इस्त्री केलेला कोट हातावर घेऊन उभी होती. ती आत वळली. आणि ज्ञानूच्या पाठीमागे, नवा पटका बांधून आलेला आकाराम अंगणाच्या दारातच थांबला होता.

"काय हुतास म्हणला?" आकारामनं विचारलं.

"लांगरी, दादा. सैपाकी."

"आणि लढाईत?"

"लढाईत बी सैपाकीच."

आकारामनं पटका काढून हातात घेतला. "मी मास्तरला काय काय सांगितलं ठावं हाय? तू पुलावर लढत हुतास म्हणून सांगितलं. आबांनी मला सांगितलं त्येच मी सांगितलं. वाडीत एकेकाला सांगितलं. शेताच्या बांधावर माणसं माझ्याशी नीट बोलायची, का? तर भाऊ लढाईत हाय. तू येकदा तरी बोलायचंस."

"आबांना बोलायला गेलो हुतो. पहिल्याच रजेला. त्यांनी चार माणसं बोलवून आणली आणि माझी टोपी त्यास्नी दाखवली. मग तोंड उघडंना."

"मग ह्यो बोकड कशाला बोललो आमी देवाला? पोळ्या लाटणाऱ्यासाठी?"

"आकाराम." मनुबाईचा आवाज मोठा नव्हता. "बोकड तुझ्या बानं माझ्यासमोर बोलला. माझं पोरगं परत येऊ दे, असं बोलला. बंदूक घेऊन येऊ दे असं बोलला न्हाई. मी शेजारी उभी हुते."

"आये, तुला बी ठावं हुतं?"

"न्हाई. आत्ता कळलं. मला कळंल तवा कळंल, त्याला काय." तिनं चंची बंद केली. "पोरगं परत आलंय का न्हाई, एवढंच देवाला ठावं पायजे."

आकाराम बनुबाईकडे बघायला लागला. ती नेहमी त्याच्या बाजूनं बोलायची. पण बनुबाईनं मान खाली घालून वरवंटा पुन्हा फिरवायला सुरुवात केली. हरणाबाई, त्याची स्वतःची बायको, पपई आणायला परसात निघाली होती. अंगणात कुणीच त्याच्याशी भांडत नव्हतं, आणि कुणीच त्याच्या बाजूला उभंही नव्हतं.

तो पटका डोक्यावर ठेवून तसाच बाहेर पडला.

*

दुपार उतरत आली. हंड्याचा आवाज आता खळाखळा नव्हता. झाकणाखाली मधूनच एखादा बुडबुडा फुटायचा, एवढाच. ज्ञानू शेजारी मांडी घालून बसला होता. त्याचं काम म्हणजे आता फक्त ऐकणं होतं.

हरणाबाई भाकरीचं पीठ चाळत होती. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "चार वाजायला आले, भावजी. गेला असता तर बरं झालं असतं. शाल काय, समद्यांनाच देत्यात."

"मला न्हाई जमायचं, वैनी."

"लाज वाटती?"

"लाज आबांपुढं वाटायची. ही लाज न्हाई." बनुबाईही हात पुसून जवळ येऊन बसली. आत माजघरात शालूबाई भिंतीला टेकून बसली होती, तिलाही ऐकू येत होतं.

"नद्यांच्या मुलखात हुतो आमी. कंपनी पुढं गेल्याली. मी आणि यल्लाप्पा म्हणून एक, बनू, तुमच्या जतकडचाच, मागं सुपारीच्या बागंत चूल मांडून बसलो हुतो. पलटणीला बकरी जिवंत मिळायची, गाडीत उभी राहून आल्याली, वाळल्याली. माझ्या उस्तादानं शिकवलं हुतं, घाईचं मटण उपाशी माणसाला जास्ती तरास देतं. म्हणून सकाळपासनंच आरावर ठिवलं. सांगावा आला हुता की सांजच्याला कंपनी परत येणार, एकशे अठरा जण. आमी एकशे अठरा जणांचं केलं. लय दिसांनी नीट जेवाण हुतं. यल्लाप्पानं तर खोबरं बी मिळवलं हुतं कुठनं तरी."

त्यानं झाकणावरच्या पाण्यात बोट घालून बघितलं.

"जेवाय शहाण्णव आले. मी वाढत गेलो. मला वाटलं, बाकीचे मागनं येत असतील. कुणी कायच बोलंना. मी म्हणलं, गार हुईल, म्हणून परत चार लाकडं सारली. सगळे जेवून उठले तरी मी झाकण धरून बसल्यालो. मग आमचा हवालदार आला आणि म्हणला, ज्ञानू, झाकण घाल आता. तवा कळलं." त्यानं एक शेणी आत सरकवली. "मेल्याल्यांची यादी मला कुणी वाचून दाखवली न्हाई, वैनी. मला ती हंड्यात दिसली. बावीस माणसांचं जेवाण. कुणाला नळी आवडायची, कुणाला चरबी, मला ठावं हुतं. सकाळी तोच हंडा पुढच्या सैपाकाला लागणार हुता. मी आणि यल्लाप्पानं बागंत खड्डा काढला आणि त्यात ओतलं. त्यावर माती लोटली. त्येच्यावर यल्लाप्पानं दोन अगरबत्त्या लावल्या, बास."

पीठ चाळायचं थांबलं होतं.

"आता मी मांडवात बसून शाल घेऊ, तर ती कशाची घेऊ?"

हरणाबाईनं चाळणी बाजूला ठेवली. तिनं मनात सकाळपासून होतं ते सांगून टाकलं. "भावजी, मी ह्यातलं खाणार न्हाई. राग मानू नगासा. हातानं चारलंय मी त्याला."

"नगा खाऊ," ज्ञानू म्हणाला. "पण वाटण तुमच्याच हातनं पडू द्या. तुमचाच त्यो."

माजघरात शालूबाईनं डोळे पुसले. बारा वर्षं तिला वाटत होतं की नवऱ्याला कमीपणा वाटतो म्हणून तो बोलत नाही. त्यानं तिला लांगरी म्हणून सांगितलं होतं. या बावीस जणांचं कधी सांगितलं नव्हतं. तिनं कोट घडी करून पेटीत ठेवला आणि भाकरी थापायला बाहेर आली. ती हरणाबाईच्या शेजारी बसली. या दोघी जावा एका परातीवर पाच वर्षांत बसल्या नव्हत्या.

*

मांडवात आकारामनं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. हेडमास्तर यादी घेऊन त्याच्याकडे आले. "ज्ञानोबा आले नाहीत अजून?" आकारामच्या ओठावर खरं आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या मागे बसलेली पारावरची माणसं त्याच्याकडे बघायला लागली, आणि तो म्हणाला,

"त्याला ताप भरलाय. झोपलाय."

सहा नावं पुकारली गेली. सहा शाली दिल्या गेल्या. सातवी हेडमास्तरांनी आकारामच्याच खांद्यावर घातली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना ती त्यानं काढून काखेत मारली. शाल नवी होती आणि उन्हात अंगाला टोचत होती. सगळ्या वाटेनं त्याला एकच वाटत होतं, की सकाळी त्याला भावाचा राग आला होता तो खोट्याचा आला होता, आणि आत्ता चांगल्या पन्नास माणसांत तो स्वतःच ढळढळीत खोटं बोलून आला होता. भाऊ निदान नुसता गप्प राहिला होता.

घराच्या अलीकडेच त्याला वास आला. जत्रेच्या दिवशी प्रत्येक घरातून वास येतो, पण हा निराळा होता. त्यात तिखट नव्हतं की धूर नव्हता. पायांतून मज्जा सुटून रशात उतरलेली होती, असा गोडसर, दाट वास. अंगणात ज्ञानू बनियनवर, घामानं भिजलेला, बरगड्या परतत होता.

आकाराम चुलीजवळ गेला. "सुभेदार मागनं येतायत," तो म्हणाला.

"येऊ देत. तयार हाय."

"मी मास्तरला सांगून आलोय, तुला ताप आलाय."

ज्ञानूनं पळी थांबवली नाही. "मग आत जाऊन झोपू का?"

तो खोचून बोलला नव्हता. भावाची अडचण होत असेल तर तो खरंच आत गेला असता, हे आकारामला दिसलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"नगं," आकाराम म्हणाला. "तू हितंच थांब."

*

दिवेलागणीला पंगत बसली. सुभेदार सयाजीराव पहिल्या पानावर होते, साठीतला ताठ माणूस, मिशा पांढऱ्या. शेजारी हेडमास्तर आणि पंच मंडळी. ज्ञानू बनियनवर सदरा चढवून हंडा घेऊन आला आणि सुभेदारांपासून वाढायला लागला. प्रत्येकाच्या ताटात तो आधी हंड्यात बघून, मग माणसाकडे बघून वाढत होता. म्हाताऱ्याला मानेचं, दातांना सोपं. तरण्याला बरगडी. सुभेदारांना त्यानं नळी वाढली.

सुभेदारांनी भाकरी मोडली, एक घास घेतला आणि थांबले. फोडीला बोट लावताच ती हाडावरून निघून आली होती.

"ह्यो बोकड जून हुता म्हणं," ते म्हणाले. "कुणी शिजवलं ह्ये?"

हरणाबाई दारात उभी होती. तिचं नाव सांगितलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. हेडमास्तरांचं लक्ष एव्हाना वाढणाऱ्याकडे गेलं होतं. "अहो, हे ज्ञानोबाच ना? यांना ताप होता ना?"

पंगतीतले हात थांबले. आकाराम उठून उभा राहिला. पान वाढलेलं तसंच पुढ्यात होतं.

"मास्तर, मी मगाशी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्याला ताप न्हाई. सकाळधरनं त्यो ह्यो सैपाक करत हुता. सुभेदारसाहेब, मी गावात जे पुलाचं सांगत हुतो त्ये बी खरं न्हाई. माझा भाऊ पलटणीत लांगरी हुता. पंधरा वर्सं. लढाईत बी लांगरीच. त्यानं कुणाला खोटं सांगितलं न्हाई. आमीच सांगत सुटलो." त्यानं मांडीशेजारची शाल उचलून सुभेदारांच्या पानाशेजारी ठेवली. "ही तुमची."

कुणीतरी मागच्या टोकाला हसल्यासारखं खाकरलं. मग तेही थांबलं.

सयाजीरावांनी शालीकडे पाहिलं नाही. ते ज्ञानूकडे बघत होते. त्यांचा चेहरा कडक होता आणि आकारामला वाटलं, आता हा माणूस ताटावरून उठणार.

"कुठली कंपनी?" सुभेदारांनी विचारलं.

ज्ञानूनं सांगितलं.

"लांगरी किती हुता तुमी?"

"दोघं, साहेब. मी आणि यल्लाप्पा."

सुभेदारांनी नळी उचलली, ताटात ठेवली, परत उचलली. "मी तेवीस वर्सं लंगरात जेवलो," ते सावकाश म्हणाले. "माझ्या हाताखालचा प्रत्येक जवान, त्याचं गाव, त्याच्या बायकोचं नाव, मला आज बी पाठ हाय. आत्ता हितं बसून मी आठवतोय. लांगऱ्याचं नाव मला येकाचं बी आठवत न्हाई."

ज्ञानूनं त्यांच्या ताटात गरम रस्सा घातला आणि पुढच्या पानाकडे वळला. शेवटच्या पानापर्यंत तो तसाच वाढत गेला. परत फिरला तेव्हा आकारामनं त्याच्या हातातली पळी घेतली.

"बस," आकाराम म्हणाला. "माझ्या पानावर बस. वाढल्यालंच हाय."

"वाढणारा आधी बसत न्हाई, दादा."

"पलटणीत न्हाई बसत. हितं बस."

ज्ञानू बसला. सुभेदार जरा सरकले आणि त्याला जागा करून दिली. आकाराम हंडा घेऊन पंगतीत फिरायला लागला. त्याला वाढायची सवय नव्हती, रस्सा दोन-तीन ठिकाणी सांडला.

*

पुरुष उठल्यावर बायकांची पंगत बसली. बारा-पंधराजणी होत्या, शेजारच्या, भावकीतल्या. शालूबाई वाढत होती. बाहेर काय झालं ते सगळ्यांना कळलेलं होतं, आणि कुणी आधी बोलायचं याची त्या वाट बघत होत्या, हे शालूबाईला त्यांच्या गप्प बसण्यावरूनच समजलं. हळदीकुंकवाला आता आपल्याला पुढं बसवतील की नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो लगेच गेला असं नाही. दोन पानं वाढून होईपर्यंत तो होताच.

हरणाबाईच्या पानात फक्त भाकरी, कांदा आणि ताक होतं. मनुबाई डाव्या हातानं कुस्करून खात होती.

पलीकडच्या आळीतली सुलाबाई कोपऱ्यात बसली होती. तिनं रस्सा भुरकला, बोट चाटलं आणि म्हणाली, "शालू, म्हंजी तुझा नवरा तिकडं सैपाकी हुता म्हण की."

सगळ्यांचे घास जरा रेंगाळले. हरणाबाईनं मान वर केली, जावेच्या आधी उत्तर द्यायला. पण शालूबाई सुलाबाईच्या पुढ्यात वाकली, हंड्याच्या तळातून तिनं मानेची एक मऊ फोड शोधून काढली आणि तिच्या ताटात घातली.

"व्हय," ती म्हणाली. "लांगरी म्हणत्यात त्याला. जेव तू. गार हुतंय."